ट्रकवरचा अनोळखी अँटेना: काठी सोडा, बेस बघा

लष्कराच्या सेवेतून निघालेला अमेरिकी ट्रक घेतला, की त्याच्यावरच्या उंच अँटेनाचा प्रश्न येतोच. हा कसला, आणि ठेवायचा की काढायचा? बहुतेक जण आधी काठीची उंची मोजतात, आणि तिथेच फसतात. काठ्या मोडतात, बदलल्या जातात, कधी भलत्याच रेडिओ-संचाच्या बसवलेल्या असतात. खरी ओळख खाली, बोल्टने आवळलेल्या बेसवर असते.

बेसवरची पाटी सहसा रंगाखाली गेलेली असते. तिला सँडपेपर लावू नका, लष्करी रंगात क्रोमियमची विषारी संयुगे असू शकतात. पातळ कागद धरून वरून पेन्सिल आडवी फिरवा, उठावाची अक्षरे कागदावर उमटतात. मी असे केले तेव्हा आधी ‘एमएक्स’ दिसले, मग हळूहळू ६७०७, आणि तर्क करायचे कामच उरले नाही. नाटो देश लष्करी वस्तूंना देतात तो १३ आकडी साठा क्रमांक मिळाला तर आणखी बरे. पहिले चार आकडे ५९८५ असले तर वस्तू अँटेना वर्गातली. पुढचे दोन ०० किंवा ०१ असले तर क्रमांक अमेरिकी, ९९ असले तर ब्रिटिश, १२ असले तर जर्मन.

एमएक्स-६७०७ हा एएस-१७२९ या अँटेनाचा बेस. तो १९६० च्या दशकातल्या व्हीआरसी-१२ मालिकेच्या रेडिओंसोबत येई. बेसच्या डब्यात रेडिओ आणि काठी यांचा मेळ घालणारी, ३० ते ७६ मेगाहर्ट्झचे दहा टप्पे करणारी जुळणी आहे आणि टप्पा बदलायला एक कळ आहे. मूळ रेडिओ जोडलेला असेल तर तोच नियंत्रण-केबलमधून टप्पा बदलतो, म्हणून या बेसकडे दोन केबल जातात. तो रेडिओ नसेल तर कळ हाताने फिरवावी लागते. सहा मीटरच्या हौशी (हॅम) बँडवर, म्हणजे ५० ते ५४ मेगाहर्ट्झला, ५३ मेगाहर्ट्झपर्यंत ४७.५–५३ चा टप्पा, त्याच्या वर ५३–५६ चा. एकाच वारंवारतेवर बोलणाऱ्याला याचा काहीच जाच नाही. सतत इकडेतिकडे फिरणाऱ्याला मात्र दर वेळी खाली उतरावे लागेल.

एएस-३९०० लांबून जवळपास तसाच दिसतो, पण त्याला कळ नाही आणि केबल एकच. हा सिनगार्स या नंतरच्या अमेरिकी लष्करी रेडिओचा अँटेना, ३० ते ८८ मेगाहर्ट्झ. सिनगार्स सेकंदाला शंभराहून अधिक वेळा वारंवारता बदलतो. फिरत्या कळीला तो वेग कधीच झेपला नसता, म्हणून इथे सगळा पट्टा एकाच वेळी सांभाळणारी जुळणी आहे. मूळ रेडिओ नसलेल्या माणसाला मी डोळे झाकून हाच सुचवेन.

तिसरा बेस एबी-१५. जाड स्प्रिंग, इन्सुलेटर आणि तार जोडायची जागा, बस्स. वर एमएस-११६, ११७, ११८ हे साधारण मीटरभराचे तुकडे एकात एक पेचाने बसतात. हेच तुकडे जुन्या व्हीएचएफ (३० मेगाहर्ट्झच्या वरच्या) संचांवरही होते आणि एचएफ (त्याखालच्या) संचांवरही, म्हणूनच नुसत्या काठीवर विसंबू नये. एचएफवर बोलायचे असेल तर हा ठेवा, पण सोबत ट्यूनर, म्हणजे जुळणी करणारे वेगळे यंत्र, लागेलच. सीबी या नागरी रेडिओच्या २७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे २.७५ मीटर, आणि तीन तुकडे त्याहून थोडे लांब पडतात.

दोन मीटर (१४४ मेगाहर्ट्झच्या) हौशी बँडसाठी यांतला एकही घेऊ नका. तिथे अर्ध्या मीटरची साधी काठी या सगळ्यांहून चांगली चालते.

पैसे देण्याआधी अँटेना अॅनालायझर लावा. एएस-१७२९ मध्ये कळ फिरवली की एसडब्ल्यूआरची (अँटेनाकडून परत येणाऱ्या शक्तीच्या मापाची) दरी जागा बदलते. ती हलली नाही तर आतली कळ अडकली आहे किंवा डब्यात पाणी गेले आहे. मल्टिमीटरने केबल-जोडाची मधली तार आणि कवच यांच्यात शून्य ओम दाखवले म्हणून लगेच नाकारू नका. जुळणीची कॉइल जमिनीला जोडलेली असली की तसेच दिसते.

ठेवायचे ठरले तर काठीच्या टोकावरची इन्सुलेटर टोपी आहे का, हे आधी पाहा. तीन मीटरची काठी ट्रकच्या उंचीवर चढली की विजेच्या तारांपर्यंत पोचू शकते. चालत्या गाडीत ती वाकवून दोरीने बांधूनच ठेवा.