भुसावळात बसून फुटी: वॉच एएफएलचा रिव्ह्यू, एका जुन्या बुलडॉग्सवाल्याकडून

मेलबर्नला पोरं, पुतणे, भाचे असलेले आपल्याकडचे बरेच लोक हल्ली विचारतात की ते तिकडचं फुटबॉल, म्हणजे फुटी, ज्यात बॉल लांबट असतो आणि हातानेही मारतात, ते इथे बसून कसं बघायचं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. उत्तर आहे वॉच एएफएल, एएफएल म्हणजे तिकडची ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग. ऑस्ट्रेलियाच्या बाहेर राहणाऱ्यांसाठीची ही स्ट्रीमिंग सर्व्हिस आहे, सीझनची प्रत्येक मॅच लाइव्ह, फायनल्स (सीझनअखेरची फेरी) आणि ग्रँड फायनल (चॅम्पियन ठरवणारी मॅच) यांच्यासकट, आणि नंतर रिप्ले पण. मी वेस्टर्न बुलडॉग्सचा माणूस, म्हणजे मेलबर्नच्या जुन्या फुटस्क्रे क्लबचा, शाळेत होतो तेव्हापासूनचा, त्यामुळे हा रिव्ह्यू तटस्थ नाही, एका क्लबवर जीव असलेल्या माणसाचा आहे.

या सर्व्हिसची मला एवढी किंमत का वाटते ते कळायला आधी आमच्या घरी मॅच कशी यायची ते सांगावं लागेल. माझी फुई, म्हणजे आत्या, नव्वदच्या दशकात फुवांसोबत मेलबर्नला गेली. पहिलं भाड्याचं घर फुटस्क्रेच्या बाजूला, बार्कली स्ट्रीटजवळ, जिथे आज आपल्या लोकांच्या हॉटेलांची रांग लागलेली आहे पण तेव्हा तो कारखान्यात काम करणाऱ्यांचा भाग होता, आणि क्लबचं ग्राउंड घरापासून चालत जाण्यासारखं. शेजारच्या म्हाताऱ्याने पहिल्याच थंडीत फुवांना मॅचला नेलं आणि फुवा कायमचे डॉग्सचे झाले. मग तिकडून कोणी भारतात यायला निघालं की त्याच्या बॅगेत आमच्यासाठी व्हीएचएस कॅसेट. दोन्ही देशात टीव्हीची पाल सिस्टीम असल्यामुळे तिकडची कॅसेट आमच्या व्हीसीआरवर सरळ चालायची, हे एक फार बरं होतं. मॅच होऊन कित्येक महिने झालेले असायचे, पण फुवांनी पत्रात निकाल लिहायचा नाही असं ठरलेलं होतं आणि त्यांनी ते कायम पाळलं.

गल्लीतली पोरं यायची बघायला. "काय भो, बॉल हातात घेऊन पळतो तरी फाउल नाही?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारायचाच. तर नवीन लोकांसाठी थोडक्यात: दोन्हीकडून अठरा-अठरा प्लेयर, ग्राउंड क्रिकेटचंच, कारण १८५८-५९ मध्ये मेलबर्नच्या क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात फिट राहायला म्हणून हा खेळ बसवला. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोघांतून किक मारली तर गोल, सहा पॉइंट, बाजूच्या गाळ्यातून गेली तर बिहाइंड, एक पॉइंट. बॉल फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या मुठीने मारायचा. पळताना पंधरा मीटरच्या आत एकदा जमिनीवर टप्पा द्यायचा, आणि लांबट बॉलला टप्पा देऊन तो परत हातात येणं ही काय चीज आहे ते स्वतः करून बघितल्याशिवाय कळत नाही. किक हवेत झेलली की मार्क, मग कोणी अंगावर यायचं नाही, निवांत किक मारायची. एवढं कळलं की बास, बाकी बघता बघता कळतं.

आमच्या घरातली सगळ्यात जास्त चाललेली कॅसेट म्हणजे १९९७ ची प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे सेमीफायनलच, ॲडलेडविरुद्ध. हाफ टाइमला आम्ही ३१ पॉइंटने पुढे. फुटस्क्रेने या लीगमध्ये एकच प्रीमियरशिप, म्हणजे चॅम्पियनशिप, जिंकलेली, १९५४ ची, आणि आता ग्रँड फायनल समोर दिसत होती. शेवटच्या क्वार्टरमध्ये आमच्या टोनी लिबरेटोरेने किक मारली, गोल झाला म्हणून हात वर करून नाचायला लागला, आणि गोल अंपायरने एक बोट दाखवलं, बिहाइंड. त्यानंतर ॲडलेड पुढे निघून गेलं आणि आम्ही दोन पॉइंटने हरलो. ९३-९१. आमचे गोल तेरा, त्यांचे बारा, पण त्यांचे बिहाइंड एकवीस. माझे वडील हिशोबाचे पक्के, त्यांनी वहीवर मांडून बघितलं आणि म्हणाले, गोल आपले जास्त आहेत रे. मी तो प्लेयर नाचतानाचा तुकडा इतक्यांदा मागे-पुढे केला की टेपवर तिथे रेघा आल्या, आणि आजही मला ती किक गोलच वाटते.

लोक विचारतात जिंकणारा क्लब का नाही पकडला, कॉलिंगवूड, कार्लटन, एसेंडन एवढे मोठमोठे होते. तर मला फुवांनी सांगितलेली १९८९ ची गोष्ट. क्लब कर्जात बुडालेला, लीगने ठरवलं की फुटस्क्रे आणि फिट्झरॉय एकत्र करून टाकायचे, नाव सुद्धा ठरलं, फिट्झरॉय बुलडॉग्स. तेव्हा आयरीन चॅटफील्ड नावाच्या एका साध्या सपोर्टर बाईंनी कोर्टात केस टाकली, पीटर गॉर्डन नावाचा तरुण वकील उभा राहिला, आणि लोक डबे हातात घेऊन घरोघरी फिरले. काही आठवड्यांत दहा लाख डॉलरच्या वर जमवले, तेही कामगार वस्तीतून, आणि क्लब वाचला. आपल्याकडे गावची यात्रा, कानबाईचा रोट, देवळाचा कळस असाच वर्गणीतून उभा राहतो, म्हणून मला ही गोष्ट ऐकल्या ऐकल्या आपली वाटली. ज्यांनी स्वतःच्या पैशाने क्लब ठेवला त्यांचा क्लब. नंतर १९९७ च्या सीझनपासून नाव वेस्टर्न बुलडॉग्स झालं, पण आमच्या घरी आजी शेवटपर्यंत "फुटकरेवाले" म्हणायची.

आता सर्व्हिसबद्दल. प्लॅन आठवड्याचा, महिन्याचा आणि वर्षाचा मिळतो. आपल्या हिशोबाने महाग आहे, हे स्पष्ट सांगतो, क्रिकेटच्या ॲपशी तुलना केली तर फारच महाग, पण ज्याला आठवड्याला एक मॅच बघायचीच आहे त्याला वर्षाचा प्लॅन परवडतो. पैसे भरताना एक काळजी घ्या, कार्डवर इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन आधी चालू करून घ्या, आपल्याकडच्या कार्डांवर ते बहुतेक वेळा बंदच असतं. मी सांगतोय कारण एका बँकेच्या, नाव घेत नाही, कस्टमर केअरने मला संध्याकाळभर एकीकडून दुसरीकडे फिरवलं आणि तोपर्यंत सीझनची पहिली मॅच संपली. तसं तुमचं होऊ नये.

टायमिंग हा खान्देशातल्या माणसासाठी सगळ्यात सुखाचा भाग. हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, सीझन सुरू होतो तेव्हा मार्चमध्ये साडेपाच तास. म्हणजे शनिवारची दुपारची मॅच इकडे सकाळी नऊ-साडेनऊच्या आसपास, नाश्ता करत करत बघायची, आणि शुक्रवारची रात्रीची मॅच इकडे दुपारी तीनच्या पुढे. इंग्लंडचं फुटबॉल बघणारे माझे मित्र रात्री दीड-दीड वाजेपर्यंत जागतात, आपल्याला तो त्रास नाही. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रं नाही, खोलीत कूलर, आणि टीव्हीवर मेलबर्नचा पाऊस, प्लेयरच्या तोंडातून वाफ निघतेय, हे बघण्यात एक वेगळाच थंडावा आहे. पर्थच्या मॅच मात्र उशिरा असतात कारण पर्थ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढे.

नेट चांगलं पाहिजे. मोबाइलच्या डेटावर चालतं पण मोठ्या टीव्हीवर बघायचं तर फायबर लागतंच, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या, हे आधी करा. लाइव्ह स्ट्रीमिंग तिकडच्या टीव्हीच्या थोडं मागे असतं, कुठलंही असतं, म्हणून मॅचच्या वेळेस फॅमिली ग्रुप म्यूट करायचा. फुवा आता सत्तरीच्या पुढे आहेत पण गोल झाला की मेसेज टाकायला एक सेकंद लावत नाहीत. कॉमेंटरी इंग्लिश, तिकडचीच, पहिले काही दिवस ॲक्सेंट कळत नाही, नंतर सवय होते आणि मग त्यांच्याशिवाय मजा येत नाही. मॅच नसेल तेव्हा फॉक्स फुटी चॅनल चालू असतो, त्यावर चर्चा, जुन्या आठवणी, जुने प्लेयर, मी तो संध्याकाळी जेवताना लावून ठेवतो. बायकांच्या लीगच्या मॅच पण आहेत, माझी मुलगी त्याच बघते, आणि २०१८ ची बायकांची प्रीमियरशिप डॉग्सची आहे हे ती मला ऐकवत असते.

आणि आता २०१६. तेव्हा मी असाच ऑनलाइन पास काढून लॅपटॉपवर बघत होतो. डॉग्स सातव्या नंबरवर राहून फायनल्सला आलेले, आणि सातव्या नंबरवरून तोपर्यंत कोणीच प्रीमियरशिप जिंकलेली नव्हती. कॅप्टन बॉब मर्फीचा गुडघा सीझनच्या सुरुवातीलाच गेलेला. मग पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला ४७ ने हरवलं, नंतर लागोपाठ तीन वर्षं चॅम्पियन असलेल्या हॉथॉर्नला, मग सिडनीत जीडब्ल्यूएस म्हणजे ग्रेटर वेस्टर्न सिडनीला सहा पॉइंटने, ती मॅच मी उभ्याने बघितली. ग्रँड फायनल सिडनी स्वान्सविरुद्ध, १ ऑक्टोबरला, आणि त्या दिवशी घटस्थापना. आईने सकाळी लवकर घट बसवले, दहा वाजता मॅच सुरू व्हायच्या आत पूजा आटपायची म्हणून गुरुजींना फोन करून वेळ मागून घेतली होती. फुईने पाठवलेला लाल-पांढरा-निळा स्कार्फ मी गळ्यात घालून बसलो, ऑक्टोबर हीटमध्ये, आणि घरातलं कोणी काही बोललं नाही.

शेवटच्या क्वार्टरमध्ये सिडनी अगदी अंगावर आलेली. आमच्या जोहानिसनचा गोल व्हिडिओ बघून रद्द केला तेव्हा मला १९९७ चाच तो गोल अंपायर दिसायला लागला. मग आमच्या डेल मॉरिसने सिडनीच्या बडी फ्रँकलिनला मागून धरलं, बॉल सुटला, आमच्याच टॉम बॉइडने उचलला आणि पन्नास मीटरच्या रेषेच्या बाहेरून, कोणी समोर नाही, नुसती लांब किक, बॉल टप्पे खात खात खांबांच्या मधून आत गेला. ८९-६७. ६२ वर्षांनी. माझे वडील, जे कधी मोठ्याने बोलत नाहीत, ते उठून अंगणात गेले आणि शेजाऱ्यांना सांगून आले की आपण जिंकलो, शेजाऱ्यांना काय जिंकलो ते माहीत नव्हतं तरी ते साखर घेऊन आले.

त्या टीममध्ये टॉम लिबरेटोरे होता. टोनीचा मुलगा. बापाची किक एकोणीस वर्षांपूर्वी बिहाइंड दिली गेली, मुलाच्या गळ्यात प्रीमियरशिपचं मेडल. आणि कोच ल्यूक बेव्हरिजने स्टेजवर बॉब मर्फीला बोलावून स्वतःचं मेडल त्याच्या गळ्यात घातलं, तेव्हा फुवांचा फोन आला, दोन्हीकडून कोणीच काही बोललं नाही, फुवा नुसते रडत होते आणि मागे एमसीजीचा आवाज येत होता कारण ते तिथे स्टँडमध्ये होते. हे कॅसेटवर झालं असतं का? मॅच तीच बघितली असती, पण महिन्यांनी, एकट्याने, निकाल आधीच झालेला. ज्या क्षणी फुटस्क्रेतली माणसं ओरडत होती त्याच क्षणी भुसावळातलं आमचं घर ओरडत होतं, यासाठी मी पैसे देतो आणि देत राहीन.

दुःखही लाइव्हच येतं हे पण सांगतो. २०२१ ची ग्रँड फायनल पर्थला झाली, मेलबर्न नावाच्या क्लबविरुद्ध, तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही पुढे होतो आणि शेवटी ७४ पॉइंटने हरलो. ती मॅच मी रिप्लेला कधी लावली नाही. पण तरी पूर्ण बघितली, उठलो नाही.

डार्सी घराणं बघा एकदा, डेव्हिड, मग त्याचा मुलगा ल्यूक, आता ल्यूकचा मुलगा सॅम, तिघंही याच क्लबचे. ल्यूकला मी कॅसेटवर बघितलं, सॅमला आता लाइव्ह बघतो, माझी मुलगी त्याच्या उंचीवर खूश आहे, दोन मीटरच्या वर आहे तो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीसाठी कापला. ज्यांना नुसती उत्सुकता आहे त्यांनी आठवड्याचा प्लॅन घेऊन बघा, शक्यतो सप्टेंबरमध्ये, फायनल्स सुरू असतात तेव्हा. ज्यांची पोरं तिकडे आहेत त्यांनी पोरांना विचारा तुम्ही कुठल्या टीमचे आणि तीच टीम पकडा, फोनवर बोलायला विषय कमी पडणार नाही. आणि भुसावळ, जळगाव, यावलकडचं कोणी डॉग्सवालं असेल तर घरी या, शनिवारी सकाळी मॅच लावलेली असते, आई भरीत-भाकरी करतेच, फक्त निकाल आधी बघून येऊ नका.