किनोसाकी ओन्सेन : सात स्नानगृहे आणि सगळ्यांचे एक पाणी

मुलगा ओसाकाला नोकरीला असल्यामुळे मागच्या हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपल्यावर, आम्ही दोघे नवराबायको जपानला गेलो आणि त्याच्या आग्रहावरून किनोसाकी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या (ओन्सेन) गावी दोन रात्री राहिलो. ह्योगो प्रांतातील तोयोओका शहराच्या हद्दीतले हे गाव ओसाकाहून थेट एक्स्प्रेस गाडीने सुमारे पावणेतीन तासांत येते.

स्टेशन हा दरवाजा, रस्ता ही पडवी, मुक्कामाची घरे या खोल्या आणि सार्वजनिक स्नानगृहे ही सगळ्यांची न्हाणी, अशी या गावाची स्वतःबद्दलची कल्पना आहे, आणि ती तिथे खरोखर पाळली जाते. मुक्कामाच्या घरातून युकाता नावाचा सुती झगा, थंडीसाठी वरून घालायचा जाड अंगरखा आणि गेता नावाच्या लाकडी चपला मिळतात, सातही स्नानगृहांचा पास मिळतो, आणि संध्याकाळी ओतानी नदीच्या काठाने, विलो झाडांखालून, सगळा गाव त्याच वेशात टकटक आवाज करीत न्हायला निघतो.

मला मात्र या देखाव्यापेक्षा पाण्याची व्यवस्था अधिक मोलाची वाटली. 1925 च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत हे गाव जवळपास नष्ट झाले होते. पुन्हा उभे राहताना एका मुक्कामघराने स्वतःच्या आवारात गरम पाण्याचे स्नान सुरू करायचे ठरवले, तेव्हा पाणी जमीनमालकाचे की गावाचे, असा वाद कोर्टात गेला आणि 1950 मध्ये तडजोड होऊन मिटला. घरातल्या खासगी स्नानकुंडांना आकाराची मर्यादा आली, सार्वजनिक स्नानगृहांचे महत्त्व टिकले, आणि आज झऱ्यांचे पाणी एकत्र करून नळांनी सर्वांना वाटले जाते. आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधकडचे, मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारे लोक. वरच्या बांधीवाल्याने (बांधी म्हणजे धानाचे खाचर) पाणी अडवले की खालच्याचे काय होते, हे आम्हाला कोणी सांगावे लागत नाही. म्हणून या गावाने वीस वर्षांहून अधिक काळ भांडून काढलेला तोडगा मला फार मोठा वाटला.

आम्हाला चार स्नानगृहे करता आली. इचिनोयूमधील कड्यात खोदलेले गुहेसारखे कुंड आणि गोशोनोयूचे धबधब्यासमोरचे उघडे कुंड ही दोन चुकवू नयेत. यानागीयू लहान आहे आणि तिथे गर्दी लवकर होते. प्रत्येक स्नानगृहाची आठवड्याची सुटी वेगळी असल्याने आधी विचारून घ्यावे. पाणी किंचित खारट आणि चांगलेच कढत असते. मी पहिल्या दिवशी हौसेने पंधरा मिनिटे बसलो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून रक्तदाबाच्या माणसांनी पाच मिनिटांवर थांबावे आणि बाहेर येऊन पाणी प्यावे.

स्त्रिया आणि पुरुषांची कुंडे वेगळी असतात, पण आत पूर्ण विवस्त्रच जावे लागते, आणि आपल्या माणसांना हीच गोष्ट सर्वांत जड जाते. कुंडाबाहेर छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, मग पाण्यात उतरायचे. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. सौभाग्यवतींना पहिल्या वेळी फार संकोच झाला, परंतु कोणी कोणाकडे पाहत नाही हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आधी तयार होत्या. त्यांच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. जपानमध्ये अनेक ठिकाणी गोंदलेल्या माणसाला कुंडात उतरू देत नाहीत, परंतु किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत ती बंदी नाही. आपल्याकडच्या आयाबायांना घेऊन जाणाऱ्यांनी हे गाव निवडण्यास एवढे एकच कारण पुरेसे आहे.

जेवणाबाबत माझी तक्रार आहे. आम्ही शाकाहारी असल्याचे मुलाने आधी कळवले होते, तरी पहिल्या रात्री सूप आणि वांगे दोन्ही वाळलेल्या मासळीच्या अर्कात शिजवलेले निघाले. मालकिणीने वाकून क्षमा मागितली आणि भात, लोणचे, भाजलेल्या भाज्या आणून दिल्या, पण सौभाग्यवती त्या रात्री अर्धपोटी झोपल्या. नोंदणी करतानाच ‘मासळीचा अर्कही नको’ असे स्पष्ट लिहावे. मांसाहारींची मात्र नोव्हेंबर ते मार्च या काळात खेकड्यांमुळे चंगळ असते, आणि त्याच काळात दरही चढे असतात.

शेवटच्या सकाळी कोनोयूला गेलो. जखमी करकोचा इथल्या पाण्यात पाय शेकून बरा झाला, अशी या स्नानगृहाची कथा आहे. तोच पक्षी जपानच्या रानातून 1971 मध्ये नाहीसा झाला, आणि तोयोओकाच्या लोकांनी पिंजऱ्यात वाढवून 2005 मध्ये तो पुन्हा आकाशात सोडला. त्याला बेडूक-मासे मिळावेत म्हणून तिथले शेतकरी धानात विषारी फवारणी टाळतात किंवा कमी करतात आणि बांध्यांत पाणी जास्त दिवस ठेवतात. आमच्या गोंदिया जिल्ह्यातही धानाच्या बांधीत सारसाचे घरटे दिसले की शेतकरी ते राखतो. परतीच्या गाडीतून बर्फाने झाकलेल्या बांध्या दिसत होत्या, आणि सौभाग्यवती गाडी वेग घेईपर्यंत खिडकीतून करकोचा शोधत होत्या.