वऱ्हाडच्या उन्हात कार्बन फायबरचे बॉनेट: दहा महिन्यांच्या वापरानंतर

संक्रांत आटोपल्यानंतरच्या आठवड्यात मी माझ्या जुन्या मारुती एस्टीम गाडीवर कार्बन फायबरचे बॉनेट बसवले, तेव्हा राळेगावच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी त्यावर बोटाने टकटक करून विचारले होते, "भाऊ, हे त पिलास्टिकच होय ना?" त्या वेळी मी हसलो होतो. आज तो प्रश्न मला तितका अडाणी वाटत नाही, कारण या वस्तूच्या आकारमानात निम्म्याच्या आसपास रेझिनच, म्हणजे कार्बनच्या धाग्यांना बांधून ठेवणारा, घट्ट होणारा प्लॅस्टिकसारखा चिकट पदार्थच, असतो आणि आमच्याकडच्या उन्हात जे बिघडले ते रेझिनचे बिघडले, धाग्याचे नाही.

गाडी हिवाळ्यात दोन-तीन हौशी शर्यतींना नेतो. उरलेले वर्षभर ती राळेगाव, वडकी, पांढरकवडा आणि शेताकडचा पांदण रस्ता एवढ्यातच फिरते. बॉनेटसोबत मी इंजिनाच्या वरून दोन्ही सस्पेन्शनच्या टोकांना जोडणारा कार्बनचा दांडा आणि आरशांची कार्बन आवरणेही मागवली होती. आवरणांचा विषय एका वाक्यात संपतो: ती प्लॅस्टिकवर चिकटवलेली कार्बनच्या कापडाची एक पातळ साल होती आणि तिने वजन कमी करण्याऐवजी वाढवले.

बॉनेटचे वजन मात्र खरोखर उतरले. धान्य व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर जुने पत्र्याचे बॉनेट १३.४ किलो भरले आणि नवे ६.२ किलो. पोलादाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट, तर कार्बन आणि रेझिनच्या तयार थराची सुमारे दीड पटीपेक्षा थोडी अधिक असते. तरीही वजन पाचव्या हिश्शावर आले नाही, कारण कडकपणा राखण्यासाठी थर पत्र्यापेक्षा जाड घ्यावा लागतो आणि आतून आधाराच्या पट्ट्या द्याव्या लागतात. सुमारे पावणेनऊशे किलोंच्या गाडीत सव्वासात किलो म्हणजे एक टक्काही नाही. साध्या रस्त्यावर मला काडीचाही फरक जाणवला नाही, आणि जाणवला असे जे सांगतात त्यांच्या खिशातून किती पैसे गेले आहेत हे आधी विचारावे, असे माझे मत झाले आहे.

माझा भाचा मुंबईला शिडाच्या होड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. मी ही तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, "मामा, किलो किती वाचले ते नका विचारू, कुठे वाचले ते विचारा." होडीच्या डोलकाठीचे त्याने दिलेले उदाहरण मला पटले. दहा मीटर उंचीवरचा एक किलो वाऱ्याबरोबर होडीला कलवतो आणि त्याला तोलायला पाण्याखाली दीड मीटरवर साडेसहा किलोंहून अधिक वजन टांगावे लागते. म्हणून शर्यतीच्या होड्यांत ॲल्युमिनियमच्या काठीऐवजी कार्बनची काठी घेण्याचा खर्च सार्थकी लागतो. कापसाची उंच भरलेली बंडी उतारावर का कलंडते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. माझ्या गाडीचे इंजिन पुढे, चालणारी चाकेही पुढचीच आणि बॉनेट त्या सर्वांच्या वर; त्यामुळे आखूड वळणांच्या शर्यतीत नाक थोडे लवकर वळते असे मला वाटते. स्टॉपवॉचवर मात्र ते सिद्ध करता आलेले नाही.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये सुरू झाली. मे महिन्यातल्या एका दुपारी उघड्यावर उभ्या गाडीचे बॉनेट मी इन्फ्रारेड मापकाने मोजले तेव्हा ते ७८ अंश निघाले. शेजारच्या पांढऱ्या जीपचा पत्रा त्याच वेळी ५७ अंशांवर होता. काळ्या विणीचे सौंदर्य टिकवायचे तर तिच्यावर रंग देता येत नाही आणि रंग दिला नाही तर ती ऊन शोषत राहते. प्रत्येक रेझिनचे एक तापमान असते, ज्याच्या पुढे ते काचेसारखा कडकपणा सोडून रबराकडे झुकू लागते. साध्या खोलीच्या तापमानाला घट्ट केलेल्या इपॉक्सी जातीच्या रेझिनात ते साधारण साठ अंशांच्या आसपास असते, तर विमाने आणि शर्यतीच्या मोटारींचे भाग भट्टीत १२० किंवा १८० अंशांवर दाबाखाली शिजवलेले असतात. माझे बॉनेट निर्वात पद्धतीने रेझिन ओढून बनवलेले होते खरे, पण नंतर भट्टीत तापवलेले नव्हते. मेअखेर काचेकडची कडा मधोमध सहा मिलिमीटर वर उचलली गेली आणि पृष्ठभागावर विणीचे उंचवटे बोटाला लागू लागले. खरेदीपूर्वी "भट्टीत किती अंशांवर तापवले?" एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर हे टळले असते. विणीच्या चौकड्या कशा जुळतात यावरच तेव्हा माझे सारे लक्ष होते.

दांडा त्याच उन्हाळ्यात निकामी झाला. त्याची नळी कार्बनची आणि दोन्ही टोके ॲल्युमिनियमची, गोंदाने बसवलेली होती. ॲल्युमिनियम तापले की चांगलेच प्रसरण पावते, कार्बनचा धागा लांबीच्या दिशेने जवळजवळ पावतच नाही, आणि दोघांच्या या ओढाताणीत गोंदाचा सांधा सुटला. खड्ड्यात टक् असा आवाज येऊ लागल्यावर मी तो काढून टाकला आणि पोलादाचा बसवला.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट कळली. लॅचची, म्हणजे बॉनेट बंद ठेवणाऱ्या कडीची, पट्टी बॉनेटला ज्या ॲल्युमिनियमच्या रिव्हेटांनी जोडली होती, त्यांच्याभोवती जुलैत पांढरी भुकटी जमू लागली. कार्बन विजेचा वाहक आहे. ओल मिळाली की त्याची आणि ॲल्युमिनियमची बॅटरीसारखी जोडी जमते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. होडीवाले खाऱ्या पाण्यामुळे हे कधीचे शिकलेले आहेत आणि मध्ये काचेच्या कापडाचा थर घालतात. मी रिव्हेट काढून स्टीलचे बोल्ट आणि नायलॉनचे वॉशर लावले. लॅचच्या भरवशावर न राहता दोन बॉनेट पिनाही बसवल्या, कारण पत्र्याचे बॉनेट उघडले तर वाकते. हे मात्र सरळ काचेवर येऊ शकते.

ऑगस्टमध्ये अंगणातल्या कडुलिंबावरून एक मोठे वानर बॉनेटच्या मधोमध उतरले आणि तसेच छपरावर गेले. छपराला पोचा पडला. बॉनेटवर ओरखडासुद्धा नव्हता. मी दोन दिवस कौतुकाने लोकांना ते दाखवत होतो. तिसऱ्या दिवशी भाच्याने फोनवर सांगितले की रुपयाच्या नाण्याने सगळीकडे हलकेच ठोकून पाहा. बहुतेक ठिकाणी खणखणीत आवाज आला, पण तळहाताएवढ्या एका भागात तो एकदम बद्द झाला. आतले थर एकमेकांपासून सुटले होते. पत्रा आपले दुखणे पोच्याच्या रूपाने सांगतो आणि आमचे मिस्त्री ते लांबून वाचतात. कार्बन पूर्ववत होऊन बसतो आणि काहीच सांगत नाही. १९८१ मध्ये मॅक्लॅरेनची एमपी४/१ ही फॉर्म्युला वनमधली पहिली पूर्ण कार्बन सांगाड्याची मोटार इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीत आदळून तुटली आणि चालक जॉन वॉटसन सुखरूप बाहेर आला, हे कार्बनचे गुणगान सगळे सांगतात. १९९५ च्या मार्चमध्ये सॅन दिएगोजवळ अमेरिका कपच्या फेरीत वनऑस्ट्रेलिया ही कार्बनची होडी मधोमध मोडून काही मिनिटांत बुडाली, हे सांगणारे कमी भेटतात.

पोळ्याला भाचा घरी आला तेव्हा दुरुस्ती केली. सुटलेला भाग मास्क लावून, पाण्याखाली घासून, एकेका थरामागे सुमारे १२ मिलिमीटरचा उतार करत खरवडला; ती काळी धूळ कातडीला खाजवते आणि विजेच्या उपकरणांत शिरली तर शॉर्ट करते. मग नव्या कापडाचे तुकडे विणीची दिशा जुळवून बसवले, वर प्लॅस्टिक लावून फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडच्या जुन्या कॉम्प्रेसरने हवा ओढली, आणि शेवटी टिनाच्या पेटीत दोनशे वॅटचे दोन बल्ब लावून रात्रभर तापवले. मिस्त्री शेजारी बसून शेवटपर्यंत पाहत होते. आता नाणे तेथेही खणखणीत वाजते, पण उजेडात ठिगळ ओळखू येते.

वाहतूक धरून बॉनेटला ४२,००० रुपये पडले होते. काचेच्या धाग्याचे, ज्याला आपण नुसते फायबर म्हणतो, ते मला एक चतुर्थांशात मिळत होते आणि दोन-अडीच किलोंनीच जड होते. पांदण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी तेच सुचवीन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीतल्या बदलांवर बंधने आहेत, तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारून घ्यावे. मी नंतर विचारले आणि हेलपाटे खाल्ले.

सध्या वेचणीचा हंगाम असल्याने गाडीवर पत्र्याचे बॉनेट परत चढवले आहे. कार्बनचे गोठ्याच्या माळ्यावर, कडबा बाजूला सारून, जुन्या सतरंजीत गुंडाळून ठेवले आहे. जानेवारीच्या शर्यतीआधी ते उतरवीन आणि रुपयाचे नाणे घेऊन पुन्हा एकदा सगळे ठोकून पाहीन.