मुलांच्या स्कोलिओसिसचं ऑपरेशन: रॉड-स्क्रू घालावेत की टेदर?

स्कोलिओसिस म्हणजे कणा एका बाजूला वाकणं आणि पिळणं. ब्रेस (धडाभोवती घालायचं कडक जाकीट) वापरूनही कर्व्ह (कण्याचा बाक) वाढत गेला आणि सर्जननी ऑपरेशनचा विषय काढला, अशा टप्प्यावर असलेल्या आईबाबांसाठी हे लिहितोय. कॉब अँगल (बाकाचा कोन), रिसर (वाढ किती उरली याचं माप), लेन्के टाइप (कर्व्हचा प्रकार) हे सगळं इथवर येईपर्यंत पाठ झालेलं असतं, म्हणून त्यात शिरत नाही. प्रश्न एवढाच आहे: पाठीमागून स्क्रू आणि रॉड घालून मणके कायमचे जोडायचे, म्हणजे फ्यूजन करायचं, की छातीच्या बाजूने मणक्यांत स्क्रू बसवून त्यांना दोरी ताणून बांधायची, म्हणजे टेदर बसवायचा?

आमच्या मुलीला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या आणि त्यामुळेच ठरवणं अवघड गेलं. छातीच्या भागातला उजवीकडचा कर्व्ह, पन्नास अंशांच्या जरा पुढे गेलेला, बऱ्यापैकी लवचीक आणि उंची वाढायची थोडी बाकी. वाढ संपली असती तर विचार करायचं कारणच नव्हतं, कारण टेदरचं सगळं काम वाढीच्या जोरावर चालतं. कर्व्हच्या फुगीर बाजूला दोरी ताणली की तिथल्या वाढीच्या पट्ट्यांवर दाब येतो आणि ती बाजू मंद वाढते. आतली बाजू मात्र वाढत राहते आणि कणा हळूहळू सरळ होतो. अमेरिकेत औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या एफडीए या संस्थेने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘द टेदर’ या नावाच्या उपकरणाला मान्यता दिली तीही हाडांची वाढ बाकी असलेल्या, ३० ते ६५ अंशांच्या कर्व्हच्या आणि ब्रेसने न भागलेल्या मुलांसाठी. ही मान्यता कमी रुग्णांना लागणाऱ्या उपकरणांच्या सवलतीच्या गटातली आहे. त्या गटात संभाव्य फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे हे दाखवावं लागतं, परिणामकारकतेचा नेहमीसारखा पूर्ण पुरावा मागत नाहीत. म्हणून टेदर वाईट ठरतो असं मी म्हणत नाही, पण आईबाबांना हे माहीत असावं. त्याच सुमारास अशीच मान्यता मिळालेलं ‘एपिफिक्स’ हे पाठीमागून बसवायचं खटक्याचं उपकरणही आहे, पण आमच्यापुढे तो पर्याय कुणी ठेवला नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

टेदरची ओढ आम्हालाही वाटली. मुलगी जिम्नॅस्टिक्स करणारी. ‘मणके मोकळे राहतील’ हे ऐकल्यावर बाकीचं काही ऐकूच येईना. शिवाय दुर्बिणीतून, बरगड्यांमधल्या छोट्या छेदांतून करतात, त्यामुळे पाठीवर लांब व्रण नाही. अर्थात त्यासाठी त्या बाजूचं फुप्फुस काही वेळ मिटवून ठेवावं लागतं आणि नंतर छातीत नळी असते. ऐकताना हा भाग पटकन मागे पडतो.

फ्यूजनची भीती बहुतेक वेळा जुनी असते. घरातल्या मोठ्यांना कुणाची तरी ताठ झालेली पाठ आणि प्लास्टरमधले महिने आठवतात. ती हॅरिंग्टन रॉडची गोष्ट. सर्जन पॉल हॅरिंग्टन यांच्या पद्धतीत वर आणि खाली हूक लावून कणा ताणून सरळ करत, त्यात कमरेची नैसर्गिक कमान सपाट होऊन जाई. १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये कोट्रेल आणि द्युबुसे यांनी अनेक ठिकाणी पकड घेऊन कणा फिरवून आणण्याची पद्धत आणली आणि पुढे कोरियाच्या से-इल सुक यांनी छातीच्या मणक्यांतही पेडिकल स्क्रू (मणक्याच्या मागच्या हाडाच्या दांड्यातून घालायचे स्क्रू) वापरून दाखवले. आज स्क्रू मणक्याच्या मागून थेट पुढच्या भागापर्यंत जातो, त्यामुळे नुसतं ताणण्याऐवजी पीळ उलगडता येतो आणि प्लास्टर लागत नाही. ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जूतून जाणारे संकेत सतत तपासले जातात. ते कोण आणि कसं बघणार हे मात्र आधी विचारून घ्या. रॉड टायटॅनियमचा की कोबाल्ट-क्रोमचा, यावर आम्ही उगीच रात्री जागवल्या. कोबाल्ट-क्रोम जास्त ताठ, टायटॅनियमने एमआरआयमध्ये चित्र कमी बिघडतं. बाकी सर्जनच्या हाताला जे सवयीचं आहे ते त्यांना वापरू द्यावं असं मला वाटतं.

आता ज्या गोष्टीने आमचं पारडं झुकलं तिच्याकडे येतो. टेदरची दोरी एक्स-रेमध्ये दिसत नाही. ती पॉलिएस्टरच्या जातीची, त्यामुळे फिल्मवर नुसते स्क्रू एकाखाली एक दिसतात, त्यांच्यामध्ये काहीच नसतं. दोरी तुटली तर बहुतेकदा दुखत नाही, कळतही नाही. टेदर करणाऱ्या सर्जननी आम्हाला नाव झाकलेल्या दोन फिल्म शेजारी शेजारी लावून दाखवल्या. प्रत्येक स्क्रूवरून रेघ ओढली आणि शेजारशेजारच्या दोन स्क्रूंमधला कोन आधीच्या फिल्मपेक्षा पाचेक अंशांनी वाढलेला दिसला, तिथे बोट ठेवून म्हणाले, “इथे तुटली असावी.” ते प्रामाणिकपणे बोलत होते, त्यांच्याबद्दल माझा आदर वाढलाच. पण तो ‘असावी’ माझ्या मनातून जाईना.

तुटली म्हणजे लगेच दुसरं ऑपरेशन, असंही नाही. तोवर वाढ झालेली असेल आणि कर्व्ह धरून राहिला असेल तर तसंच सोडतात. उलटही होतं. वाढ अपेक्षेपेक्षा जास्त झाली तर दोरी कणा दुसऱ्या बाजूला ओढायला लागते आणि ती सैल करावी किंवा कापावी लागते. म्हणजे वाढ पूर्ण होईपर्यंत दर काही महिन्यांनी एक्स-रे काढायचा, मागच्याशी ताडून बघायचा आणि निकालाची वाट बघायची. ब्रेसच्या काळात आम्ही नेमकं हेच केलं होतं. प्रत्येक तपासणीआधीचा आठवडा घरात कुणी धड बोलायचं नाही. हे सगळं ऐकून झाल्यावर मुलीने विचारलं, “मग हे संपणार कधी?” टेदरच्या बाजूने मला तिला तारीख देता येईना.

“आधी टेदर करू, नाही जमलं तर फ्यूजन आहेच,” असं बरेच जण सुचवतात. वैद्यकीयदृष्ट्या ते शक्य आहे. पण त्यात दोनदा भूल आणि दोनदा सावरणं त्या मुलीच्याच वाट्याला येतं, हेही धरायला हवं.

आम्ही फ्यूजन केलं. पहिला आठवडा कठीण गेला, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. कुशीवर वळायलासुद्धा दोघांची मदत लागायची. आता ती बुटाची नाडी बांधताना कमरेतून आणि मांड्यांतून वाकते, पाठ फळीसारखी सरळ राहते. मागे बघायचं तर पूर्ण वळते. सोफ्यावर पोक काढून लोळता येत नाही. व्रणाच्या कडेला बधिरपणा आहे. जिम्नॅस्टिक्समधल्या मागे वाकायच्या कसरती सुटल्या आणि त्याचं तिला वाईट वाटलं, मलाही. पण पोहते, धावते, दप्तर स्वतः उचलते, खांदे एका रेषेत आले आहेत आणि एक्स-रेची तारीख आली की पूर्वीसारखी गप्प होत नाही. हे मोजमाप नव्हे, पण माझ्यासाठी याचंच वजन सगळ्यात जास्त आहे.

सगळ्यांनी फ्यूजनच करावं असं मात्र मी म्हणणार नाही. छातीच्या मणक्यांना बरगड्यांचा पिंजरा असल्याने तिथे मुळात हालचाल कमी असते. म्हणून जोडणी टी-१२ किंवा एल-१ ला (छातीच्या शेवटच्या किंवा कमरेच्या पहिल्या मणक्याला) थांबणार असेल तर गमावायचं थोडं असतं. आमचं तसं होतं. तीच जोडणी कमरेत एल-३, एल-४ पर्यंत उतरणार असेल आणि मूल लहान, वाढ भरपूर बाकी असेल, तर मीसुद्धा टेदरवाल्या सर्जनसमोर जास्त वेळ बसलो असतो.

दोघांनाही भेटाच. फ्यूजन सुचवणाऱ्यांना विचारा की सगळ्यात खालचा स्क्रू कुठल्या मणक्यात जाणार आणि एक मणका वर थांबलं तर काय होईल. टेदर सुचवणाऱ्यांना विचारा की त्यांनी बसवलेल्या दोऱ्यांपैकी किती तुटल्या आणि त्यातल्या किती मुलांना परत टेबलावर घ्यावं लागलं. मुलाला बाहेर बसवून नका विचारू. उत्तरं त्यालाही ऐकू द्या.