मेक्सिकन साल्व्हिया : दहा महिन्यांनंतर

गेल्या जूनमध्ये मेक्सिकन साल्व्हियाची, म्हणजे ल्युकँथाची, दोन रोपं आणली. एकेक १८० रुपयांना. एक जुलैतच गेलं. आमच्याकडची काळी माती पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस वाळत नाही. बुडखा काळा पडला आणि जरा हलवलं तर रोप हातात आलं. नर्सरीवाला म्हणतो, "ताई, पाणी जास्त झालं." जुलैत मी तांब्याभरही पाणी घातलं नव्हतं! बदलून दिलं नाहीच, विकताना निचऱ्याचा शब्दही काढला नव्हता. त्याचा राग अजून आहे. थंड देशांत हे झाड गोठून मरतं म्हणून हिवाळ्यात आत घेतात. कोल्हापुरात ते जपायचं पावसाळ्यात.

दुसरं कुंडीत होतं, तांबड्या मातीत निम्मी जाड वाळू घालून. ते तगलं. ऑगस्टमध्ये त्याच्याच फांद्या पेराखाली कापून, खालची पानं काढून वाळूत खोचल्या. तीन आठवड्यांत मुळं. तेव्हा १८० रुपये घालवू नका, कुणाकडून तरी फांदी मागा.

दिवाळीपर्यंत मी याला पाचात दोन गुण दिले असते. फाटकाजवळचं झाड कमरेएवढं झालं, पण नुसता पाला. टाकीमागचं मात्र तुऱ्यांनी वाकलेलं. एकाच झाडाच्या फांद्या, तीच माती, तेच शेणखत. खत वाढवलं, जागा बदलायचीही तयारी केली. मग एका रात्री उठले तर फाटकावरचा एलईडी झाडावर लख्ख. रात्र मोठी झाली की मगच हे झाड कळ्या धरतं, आणि आम्ही त्याला रात्रच होऊ देत नव्हतो! नोव्हेंबरअखेर दिवा बंद केला. घरात कुरकुर झाली, पण मी ऐकलं नाही. संक्रांतीच्या सुमारास पहिला तुरा आला.

तो जवळून बघाच. देठ तुळशीसारखा चौकोनी. जांभळी मखमल आहे ती पाकळी नव्हे, फुलाचं बाहेरचं वेष्टन. त्यातून पांढरं फूल डोकावतं. पांढरं गळतं, मखमल कितीतरी दिवस टिकते. शिंजीर पक्षी सकाळी आठच्या आत हजर.

आता पाचात साडेचार. अर्धा कापला तो फांद्यांसाठी, वाऱ्याने फार मोडतात, काठी लावावीच लागते. मार्चमध्ये बुडातून नवे कोंब दिसल्यावर जुनं सगळं वीतभर ठेवून छाटलं. मेअखेर कुंड्या पत्र्याखाली जातील. दिवा ऑक्टोबरपासूनच बंद राहील, हे घरात सांगून ठेवलंय.