तवंदी घाटात विजेवरचा ट्रेलर: ओढ झकास, सोय अर्धवट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांचं कास्टिंग कोल्हापूरला पोचवायचं आणि येताना भंगार भरून आणायचं, हा आमचा धंदा. त्यासाठी मालकांनी विजेवरचा ५५ टनी ट्रॅक्टर-ट्रेलर भाड्यानं घेतलाय आणि तो सध्या माझ्या हातात आहे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण थोडं वाकडंही लिहायचंय.

साडेतीनशे घोड्यांची ताकद म्हटलं की सगळे आधी विचारतात, पळते किती? पळत बिळत नाही. स्पीड गव्हर्नर ८० ला बांधलाय, डिझेल गाडीसारखाच. ताकद कळते ती गाडी जागची हलवताना. कोगनोळी टोलनाक्याच्या रांगेत भरलेली डिझेल गाडी हात-हातभर सरकवायची म्हणजे क्लच दाबा, सोडा, परत दाबा. संध्याकाळी डावा गुडघा बोलायला लागतो. इथं क्लचच नाही. पेडलवर पाय टेकवला की पन्नास टनांचं धूड वीतभर पुढं जातं, हिसका न देता. डिझेल इंजिनाला जोर यायला हजार-बाराशे आरपीएम लागतात, मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, शून्यापासूनच हजर असतो.

निपाणीकडून भंगार भरून तवंदी चढताना खरी मजा. जुन्या गाडीत वळणाआधीच गिअर पाडावा लागतो. वेळ चुकली की गाडी जीव सोडते आणि मागच्यांचे हॉर्न ऐकत पहिल्यात रांगत जायचं. ही काटा तिशीच्या आसपास धरून एका दमात माथ्यावर येते. बॅटरीचे टक्के मात्र डोळ्यांदेखत गळतात. भरल्या गाडीला किलोमीटरमागे दीड युनिट धरून चाला, घाटात त्याहून कितीतरी जास्त.

पण मला जास्त आवडला तो उतार. बेळगावहून जाताना वंटमुरी घाट उतरायला लागलो की स्टेअरिंगजवळची दांडी एक-एक घर खाली ओढायची. मोटर उलटी जनरेटर होते, गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी हळू होते आणि थोडी वीज परत बॅटरीत जाते. चढाला खाल्लेली सगळी परत मिळते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, टक्का-दोन टक्के आले तरी पुष्कळ. फायदा ब्रेकचा आहे. लायनर तापून येणारा तो जळका वास मी या गाडीत अजून घेतलेला नाही.

यात एक मेख आहे. शंभर टक्के भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज मावायला जागाच नसते. त्यामुळं उद्यमबागेतून ताजी चार्ज करून निघालं की पहिल्या उतारांवर ही पकड ढिली लागते. वंटमुरीपर्यंत जागा होते म्हणून निभतं. घाटमाथ्यावर चार्ज करून लगेच उतरणाऱ्यानं नव्वदलाच थांबवावं. आणि आमच्याकडच्या पावसात गाडी रिकामी असेल तर दांडी वरच्याच घरात ठेवा, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरतात. पेडलवरचा पायही तेव्हा हलका हवा.

केबिनमध्ये आवाज म्हणजे एअर कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो तेवढाच. कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन अजूनही खिडकीखाली येऊन विचारतो, "गाडी चालू ऐतेन्री?" (चालू आहे का हो?) हसू येतं, पण आवारात माणसं बिनधास्त पुढून जातात. आत शिरताना मी हॉर्नवरच हात ठेवतो. एसी चांगला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीचंच झालंय, पण डिझेल गाडीत उभ्या-उभ्या एसी चालवायचा तर इंजिन धुमसत ठेवावं लागतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर काही पेटलं आणि कोगनोळीत अडकून पडलो की हा फरक समजतो.

आता वाकडं. एका चार्जला भरली गाडी पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर जाते. कोल्हापूर एकशे दहाच्या आसपास, म्हणजे तिकडं चार्ज केल्याशिवाय परत फिरता येत नाही. वाटेतले चार्जर मोटारींसाठी आखलेले. एवढा लांब ट्रेलर तिथं वळणार कसा? ट्रेलर बाहेर सोडायचा, नुसता घोडा, म्हणजे पुढचा ट्रॅक्टर, आत न्यायचा, मग परत जोडायचं. एकदा तर चार्जरची केबलच गाडीच्या सॉकेटपर्यंत पोचेना.

किंमत डिझेलच्या दुपटीहून जास्त. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून ट्रकमागे जास्तीत जास्त ९.६ लाख मिळतात, तेही जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला दिला तर. ज्याची खेप ठरलेली आणि दोन्ही टोकांना स्वतःचा चार्जर, त्यानं जरूर घ्यावी. आज हुबळी, उद्या गोवा असं भाडं मारणाऱ्यानं अजून दोन वर्षं थांबावं.

आमचं अडतंय ते मधल्या चार्जिंगपाशी. निपाणी-संकेश्वर पट्ट्यात ट्रेलर सरळ आत जाऊन सरळ बाहेर पडेल असा चार्जर कुणाला ठाऊक असेल तर सांगा, चहा माझ्याकडून.