हिरव्या दिव्यावर विसंबून खिडकी बंद ठेवू नका: एअर प्युरिफायरचे साडेपाच महिने

परवा रात्री प्युरिफायरचा पंखा घरघरायला लागला आणि हवा जेमतेम बाहेर यायला लागली. फिल्टरचा दिवा मात्र हिरवाच होता. मशीनवरच्या हिरव्या दिव्यांनी मला या काळात दोनदा फसवलं, एकदा हवेच्या आणि एकदा फिल्टरच्या, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चौथा महिना लागला तेव्हा मशीन घेतलं, आता नववा चालू आहे. पहिलंच बाळ, आणि नेमकं त्याच वेळी घराचं काम निघालं: प्लास्टर, पुट्टी, रंग, नवी कपाटं. एक खोली राहायला ठेवली, दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या आणि तिथे हे मशीन रात्रंदिवस चालू ठेवलं.

धुळीच्या बाबतीत तक्रारच नाही. बाहेर पुट्टी घासत असताना दार उघडलं की पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा दोनशेच्या आसपास जायचा आणि दार लावल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहाच्या खाली यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली चोवीस तासांची पातळी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे मी अगदी निर्धास्त झाले. एक हिशेब मात्र घेण्याआधी करा. आमची खोली १२ चौरस मीटरची, उंची २.७ मीटर, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. ३०० सीएडीआर, म्हणजे तासाला ३०० घनमीटर स्वच्छ हवा, म्हटलं की तासाला नऊ वेळा सगळी हवा गाळली जाते, पण ती पूर्ण वेगावर. झोपताना आवाज नको म्हणून वेग कमी केला की हा आकडा पार खाली येतो.

या सगळ्यात माझे रविवार मैत्रिणींनी सांभाळले. बसायला तीच एक खोली, त्यामुळे पलंगावर पाच जणी, मध्ये रंगांचे नमुने आणि बाळाच्या नावांची यादी. बाहेर करवत चालू असायची आणि आत आम्ही पोट दुखेपर्यंत हसायचो. अशाच एका रविवारी दोन तासांनी सगळ्यांची डोकी जड झाली आणि मला मळमळायला लागलं. मशीनवर आकडा ६, हवेचा दिवा हिरवा. एका मैत्रिणीने उठून खिडकी उघडली आणि दहा मिनिटांत सगळ्यांना बरं वाटलं.

तेव्हा मी नीट वाचायला घेतलं आणि माझं मत बदललं. या मशीनचा सेन्सर प्रकाश टाकून हवेतले कण मोजतो. वायू त्याला दिसतच नाहीत. पाच जणींच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड फिल्टरमध्ये अडकत नाही आणि मशीन बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. नव्या कपाटांच्या प्लायच्या डिंकातून निघणारा फॉर्माल्डिहाइड हा त्रासदायक वायूही तसाच. फिल्टरमधल्या कार्बनच्या पातळ थरात तो फारसा अडकत नाही, आणि उकाडा व दमटपणा वाढला की तो जास्त निघतो. मग बाळाची कपाटं आम्ही सहाव्या महिन्यातच बसवून घेतली आणि प्रसूतीपर्यंत त्यांची दारं उघडी ठेवायचं ठरवलं. माझं एवढंच म्हणणं आहे की त्या दिव्याखाली 'फक्त धूळ' असे दोन शब्द छापा. गरोदर बाई तो दिवा बघून खिडकी बंद ठेवते, हे बनवणाऱ्यांना कळायला हवं.

आता दुसरी फसवणूक. पंखा घरघरायला लागल्यावर कंपनीला फोन केला, तर सांगितलं गेलं की फिल्टरचा दिवा हिरवा आहे म्हणजे फिल्टर ठीक आहे, मोटर गेली असेल. मोटर बदलायची तर खर्च आमचा. मी हट्टाने माणूस बोलावला. त्याने झाकण उघडलं तर फिल्टर पुट्टीने पांढराफटक. तो दिवा फक्त तास मोजतो, फिल्टरमध्ये धूळ किती साचली हे त्याला कळत नाही! त्यावर उत्तर मिळालं की बांधकामाची धूळ वॉरंटीत बसत नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर ते खरंच लिहिलेलं आहे, पण बारीक अक्षरांत. मला याचा मनापासून राग आला.

पैसे वाचवायला मुख्य फिल्टर धुवायचा माझा विचार होता. तसं करू नका, आमच्या प्रकारचा कागदी हेपा (बारीक कण अडकवणारा) फिल्टर पाण्याने खराब होतो. बाहेरची जाळी मात्र दर आठवड्याला व्हॅक्यूमने साफ करा. मी ती महिन्यातून एकदा करत होते, तिथे माझं चुकलं. कारागिरांना घासायच्या यंत्राला व्हॅक्यूमची नळी जोडायला सांगितलं आणि रोज ओल्या फडक्याने पुसायला सुरुवात केली, त्यानंतर धूळ खूप कमी झाली. हे पहिल्या दिवसापासून केलं असतं तर एक फिल्टर वाचला असता.

एका कामासाठी मात्र मशीनवर अजिबात भरवसा ठेवला नाही. जुन्या दारांचा रंग काढायचा होता. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ते नाळेतून बाळापर्यंत पोचतं. ते काम होऊन घर ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत चार दिवस मी मैत्रिणीकडे राहिले. रात्री उशिरापर्यंत गप्पा, सकाळी उशिरा उठणं. बाळ त्या दिवसांत खूप हलायचं आणि ती दर वेळी हात ठेवायला धावत यायची.

काल नवीन फिल्टर बसवला. मोटर चांगलीच आहे, आवाज थांबला. फिल्टरच्या कडेवर पेन्सिलीने तारीख लिहिली आहे आणि दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून बघणार आहे. धुळीसाठी पाचपैकी चार, दिव्यांसाठी शून्य. या रविवारी मैत्रिणी पाळणा जोडायला येणार आहेत.